दोर तपासणाऱ्यानं आधी उतरायचं

देवरामचा बाप विहिरी खणायचा. मुरबाडच्या पलीकडल्या काळ्या खडकात त्यानं किती विहिरींना पाणी लावलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण माणूस खाली सोडण्याआधी तो दोर कसा तपासायचा, ते देवरामला आजही डोळे मिटले की दिसतं. बाप काठावर उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि अख्खा दोर तळहातातून ओढून काढायचा. वीतभर सोडायचा नाही. कुठं पीळ उसवलाय, कुठं ओल धरून कुजलाय, ते त्याच्या हाताला कळायचं.

"डोळा लबाड असतो," बाप म्हणायचा. "त्याला जे बघायचं असतं तेच बघतो. हाताला लबाडी येत नाही."

दोर तपासून झाला की बाप स्वतःच आधी उतरायचा. त्या रानातला रिवाजच होता तसा. ज्यानं दोर तपासला त्यानंच त्याला आधी लटकायचं.

एकदा दोर पक्का निघाला आणि कप्पीचा आस झिजलेला निघाला. देवराम तेव्हा काठावर उभा होता, हातात बापाची भाकरी घेऊन. दोर सुटल्याचा सर्रर्र आवाज झाला, आणि मग खालून काहीच ऐकू आलं नाही. तेवढा वेळ. पुढं बाप ओरडला, माणसं धावली, त्याला वर काढलं, पाय मोडला पण जीव वाचला. हे सगळं नंतरचं. देवरामच्या छातीत घर केलं ते त्या मधल्या शांततेनं. माणूस मोठा झाला, केस पिकले, ती शांतता काही घर सोडून गेली नाही.

पोटामागं तो ठाण्याला आला. वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात फिटर झाला, कारखाना बंद पडला तेव्हा त्याच गल्लीत पत्र्याचा गाळा घेऊन गाड्यांची कामं करू लागला. राहायला कळव्याला चाळीत. गाळ्याच्या भिंतीवर बुद्धाची एक छोटी तसबीर, तिच्याखाली बोल्ट आवळायचे पाने ओळीनं टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत. इंजिन बदलावं ते देवरामनं, असं ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणायचे. म्हातारी गाडी, तरणं इंजिन. गावाकडची एखादी बाई पाहुण्यापोरक्याला पदराखाली घेते तसा तो परक्या गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीच्या पोटात वसवायचा.

काम झालं की तो डोळे मिटायचा आणि इंजिनावरून हात फिरवायचा. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक नळी, प्रत्येक वायरची गाठ. त्या वेळी गाळ्यात कुणी बोलायचं नाही. हात फिरवून झाल्यावर इंजिनाला कुणी बोट लावायचं नाही, हा त्याचा नियम. बापाच्या रिवाजातला हा अर्धा भाग त्यानं जिवापाड जपला होता. दुसरा अर्धा त्यानं सोडून दिला होता. गिऱ्हाइकाच्या गाडीत तो गल्लीच्या कोपऱ्यापलीकडं कधी बसत नसे. गाडी फाटकातून बाहेर पडली, की तो कान देऊन उभा राहायचा, तिचा आवाज रस्त्याच्या गर्दीत मिसळेपर्यंत. संध्याकाळपर्यंत फोन वाजला की दचकायचा.

"पोरीला सासरी धाडताना एवढे हलला नव्हतात," बायको कलावती म्हणायची. "गाडी गेली की लगेच तोंड सुतक्यासारखं!"

*

नौपाड्याच्या नीलाबाईंची फियाट त्याच्या ओळखीची होती. बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. त्यांचे यजमान प्रभाकरराव होते तोवर दर दिवाळीआधी गाडी देवरामकडं यायची. प्रभाकरराव गेले आणि गाडी सोसायटीच्या कोपऱ्यात उभी राहिली. इंजिन पार अडकलं. मुलगा साकेत नोकरीतला, शिकलेला, पण बापाच्या गाडीवर जीव. भंगारात द्यायची नाही म्हणाला. आरटीओची परवानगी काढली आणि नव्या गाडीचं इंजिन घालायला देवरामला सांगितलं.

इंजिन मिळालं ते एका अपघातातल्या गाडीचं. मागून ट्रकनं चेपलेली, पुढचा भाग मात्र फुलासारखा. नीलाबाईंच्या कानावर ते गेलं तशा त्या स्वतः रिक्षा करून गाळ्यात आल्या.

"देवराम, त्या गाडीतल्या माणसांचं काय झालं?"

"विचारून घेतलंय बाई. दोघं होते. दोघंही घरी आहेत, सुखरूप."

"नक्की?"

"माणूस गेलेल्या गाडीचा स्क्रूसुद्धा मी घेत नाही."

बाईंनी ताडपत्रीवर ठेवलेल्या इंजिनाकडं बघितलं. "तरी मला भीती वाटते," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांची गाडी शांत होती. हे नवं काळीज तिला झेपेल ना?"

देवरामला बरं वाटलं. भिणारं माणूस भेटलं की त्याला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

काम त्यानं सावकाश केलं. बैठक नव्यानं घडवली, नव्या ताकदीला जुने ब्रेक पुरणार नाहीत म्हणून पुढची चाकं डिस्क ब्रेकची केली. वायरिंग महेंद्रनं केलं. महेंद्र शेजारच्या गाळ्यातला इलेक्ट्रिशियन, तोंडाचा फटकळ, हाताचा साफ. शेवटी एकच गोष्ट राहिली, अर्थची पट्टी.

ही पट्टी म्हणजे तांब्याच्या बारीक तारांची वेणी. दिसायला शेतातल्या चऱ्हाटाएवढी साधी. स्टार्टर मारला की बॅटरीतली वीज इंजिनात जाते, आणि तिला परत फिरायला वाट लागते. इंजिन तर रबराच्या पायांवर बसलेलं, गाडीच्या लोखंडाला धड टेकलेलंही नसतं. ती वाट म्हणजे ही पट्टी. जुनी पट्टी नव्या इंजिनाला आखूड पडत होती, म्हणून महेंद्र नवी करून आणणार होता. तोवर देवरामनं लाल चिमट्यांची एक जाड वायर लावून इंजिन चालू केलं. पहिल्याच फिरकीला इंजिन बोललं. आवाज असा, की लांबच्या पिठाच्या गिरणीत जातं फिरतंय. साकेत लहान पोरासारखा हसला.

"एकच सांगतो साकेतशेठ," देवराम म्हणाला. "जुन्या इंजिनाला चालू करताना पाय मारायची सवय होती तुम्हाला. याला ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. नुसती किल्ली."

"बाबांची सवय आहे काका, सुटता सुटत नाही. सिग्नलला गाडी बंद करायची, चालू करताना पाय मारायचा."

"सोडा ती."

निघण्याच्या दिवशी सकाळी महेंद्र नवी पट्टी घेऊन आला. देवराम तेव्हा डोळे मिटून इंजिनावर हात फिरवत होता, म्हणून महेंद्रनं ती आवाज न करता पान्यांच्या शेजारी खिळ्याला अडकवली आणि तो आपल्या गाळ्यात गेला. देवरामचा हात फिरला. बोल्ट, नळ्या, गाठी. अर्थच्या जागी हाताला चिमटा लागला, घट्ट. हात पुढं सरकला. हाताला लबाडी येत नाही, पण हाताला नावही ठाऊक नसतं. जोड आहे, एवढंच त्यानं सांगितलं.

तेवढ्यात नीलाबाई आणि साकेत आले. बाईंच्या हातात पूजेचं ताट, झेंडूचा जाड हार. आज त्यांना घेऊन साकेत माळशेज घाटावरून ओतूरकडं निघणार होता, प्रभाकररावांच्या गावी. गाडी त्यांच्या दारात एकदा उभी करायची, एवढीच बाईंची इच्छा.

"इंजिन बघू तरी," बाई म्हणाल्या.

आणि इथं देवरामकडून चूक झाली. इंजिन पुसून लख्ख केलेलं, नळ्या ओळीत, आणि त्यात ती लाल चिमट्यांची वायर, लग्नाच्या मांडवात कुणी वाळत घातलेला पंचा दिसावा तशी. बाईंनी बघण्याआधी त्यानं चिमटे काढले, वायर गुंडाळून पेटीत टाकली. मनात म्हणाला, पूजा झाली की पट्टी लावू. आयुष्यभर पाळलेला नियम त्याच्याच बोटांनी मोडला, तोही आपलं काम सुंदर दिसावं म्हणून.

"वा!" बाई म्हणाल्या. "देव्हाऱ्यासारखं ठेवलंय तुम्ही."

मग बॉनेट बंद झालं. बाईंनी त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं, हार आडवा बांधला, उदबत्ती लावून डॅशबोर्डच्या फटीत खोचली.

"नारळ तुम्ही फोडा देवराम."

"मी हात जोडतो बाई. नारळ साकेतशेठ फोडतील." तो बाजूला उभा राहिला. दुसऱ्याच्या पूजेत आपला आवाज नको, ही त्याची जुनी रीत. नारळ एका घावात सरळ दुभंगला, बाईंचे डोळे भरून आले, त्यांनी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. आणि त्या ओल्या तुकड्याबरोबर पट्टी त्याच्या मनातून निसटून गेली.

गाडी सुरू झाली. स्टार्टर किंचित जड फिरला असं त्याच्या कानाला वाटलं. पण बाई हात हलवत होत्या. गाडी कोपऱ्यावरून वळली.

*

तो आत आला, हात पुसायला फडकं घ्यायला खिळ्याकडं गेला, आणि फडक्याखाली त्याच्या बोटांना तांबं लागलं.

त्यानं ओढून बघितलं. नवी कोरी वेणी. दोन्ही टोकांना भोकं, भोकांत बोल्टचा एक ओरखडाही नाही.

विहिरीतली ती शांतता त्याच्या कानात उतरली.

पट्टी नसली तर वीज थांबत नाही. ती दुसरी वाट शोधते. आणि इंजिनाला गाडीच्या अंगाशी जोडणारी दुसरी लोखंडी वाट म्हणजे ॲक्सिलरेटरची बारीक तार. प्रत्येक स्टार्टला एवढी वीज त्या बिचाऱ्या तारेतून धावणार. तार तापणार. तारेच्या नळीत प्लास्टिकचं अस्तर असतं, ते वितळणार, आणि एखाद्या वेळी दाबलेला पाय उचलला तरी तार परत येणार नाही. इंजिन ओढतच राहील. कुठं? सिग्नलला? की माळशेजच्या वळणावर, जिथं एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं धुकं?

त्यानं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग बाईंचा. तोही वाजला आणि थांबला. त्याला आठवलं, प्रभाकररावांच्या घरचा कायदा. गाडी चालताना फोन आवाज बंद करून बाईंच्या पर्समध्ये.

"महेंद्र!"

त्याचा आवाज ऐकून महेंद्र हातातलं काम टाकून आला. देवरामनं पट्टी दाखवली. महेंद्रचा चेहरा उतरला, तरी तोंड थांबलं नाही.

"अरे दादा, ही काय राखी आहे का खिळ्याला लटकवून ठेवायला?"

"गाडी काढ."

मोटरसायकलवर मागं बसून, पट्टी मुठीत धरून देवराम निघाला. माजिवड्यापासून हमरस्त्याला कंटेनर दाटलेले. महेंद्र फटीफटीतून काढत होता. देवराम प्रत्येक पांढऱ्या गाडीकडं बघत होता. जिथं वाहतूक थांबलेली दिसे तिथं तो मनात मोजू लागे. इथं साकेतनं गाडी बंद केली असेल, पुन्हा चालू केली असेल. बापाची सवय. सिग्नल लागला, बंद. सुटला, चालू. पाय मारून. प्रत्येक वेळी तार थोडी अजून लाल.

आणि जळका वास? वास तर येईल ना बाईंना? मग त्याला आठवली डॅशबोर्डवरची उदबत्ती. सगळा वास त्या चंदनात बुडणार.

"दादा, माझा खांदा आहे तो," महेंद्र ओरडला. "नखं किती रुतवताय!"

रांजणोलीच्या नाक्यावर गर्दी होती. तिथं एक ट्रॅफिक पोलीस होता.

"साहेब, जुनी फियाट गेली का? पांढरी, हार बांधलेली?"

"गेली ना. जुनी दिसते पण पळते जबरदस्त! काय बदललंय तिच्यात?"

देवरामनं महेंद्रच्या पाठीवर थाप मारली, चल म्हणून.

दुर्गाडीच्या पुलावर रस्त्याच्या कडेला झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या दिसल्या. त्या कुणाच्याही असतील. कुठल्याही देवाच्या, कुठल्याही मयताच्या. देवराम त्यांच्याकडं मान वळवून बघत राहिला. त्यानं आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. आज त्यानं मागितलं, पण कुणाकडं मागावं ते न समजून त्यानं बापाकडं मागितलं. 'बा, जरा धर रे दोर.'

शहाड मागं पडलं. मुरबाडचा रस्ता लागला, म्हारळ गेलं, कांबा गेलं. रायत्याचा पूल जवळ आला, खाली उल्हास नदी. आणि पुलाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला उताराला ती उभी होती. पांढरी, हार वाऱ्यावर हलतोय.

गाडी बंद होती. नीलाबाई पुलाच्या कठड्याशी जाऊन नदीला फूल वाहून परत येत होत्या. साकेत स्टिअरिंगमागं बसला होता. बाई गाडीच्या समोर आल्या, हाराची एक गाठ सुटली होती ती बांधायला वाकल्या.

देवराम मोटरसायकल थांबायच्या आत उतरला. पडला, उठला. "साकेतशेठ! किल्ली नको!"

पण साकेतनं किल्ली फिरवलीच होती. उतारावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी, डावा पाय क्लचवर, आणि उजवा सवयीनं ॲक्सिलरेटरवर. स्टार्टर कण्हत फिरला. इंजिन पेटलं, आणि त्याचा आवाज चढला. साकेतनं पाय उचलला. आवाज उतरला नाही. तो चढतच गेला, गोठ्यात वाघ शिरल्यावर गुरं हंबरतात तसा. साकेतचा चेहरा पांढरा पडला. क्लचवरचा पाय थरथरू लागला. तो पाय सुटला असता तर गाडीनं झेप घेतली असती, आणि समोर बाई, हाराची गाठ हातात धरून, जागच्या जागी थिजलेल्या.

"क्लच सोडू नको!" देवराम ओरडला. शेठ, साहेब सगळं गळून पडलं. "ए साकेत, पाय दाबून ठेव! दाब! किल्ली उलटी फिरव! फिरव रे बाळा!"

किल्ली फिरली.

आवाज बंद झाला. आणि ती शांतता आली. पुलाखालून नदीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. देवराम गुडघ्यांवर बसला. त्याला वाटलं आता खालून कुणीतरी ओरडेल.

"देवराम?" नीलाबाईच बोलल्या. "तुम्ही इथं कसे?"

*

महेंद्रनं बॉनेटचा हार सोडला. आतून धूर आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. ॲक्सिलरेटरची तार काळी पडली होती, नळीचं अस्तर कढत गुळासारखं वितळून तिला चिकटलं होतं.

साकेत खाली उतरून आला. "काका, केबल खराब निघाली का? दुकानदारानं डुप्लिकेट माल दिला असेल."

महेंद्रनं देवरामकडं बघितलं. हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. नवी तार होती, दोष तिच्या माथी सहज गेला असता.

देवरामनं मूठ उघडली. तळहातावर तांब्याच्या वेणीचे वळ उठले होते.

"केबल चांगली होती. ही लावायची राहिली. माझ्या हातून. तुम्हाला इंजिन छान दिसावं म्हणून मी जोड काढला, आणि विसरलो."

एक एसटी पुलावरून गेली, तिच्या वाऱ्यानं कुंकवाचा कण कण उडाला.

"तुम्ही रोज हात फिरवता," नीलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेतला होता, चढलेला नाही, पण समोरच्यानं मान खाली घालावी असा. "ह्यांनी मला सांगितलं होतं. देवरामनं हात फिरवला की मी निर्धास्त बसतो, म्हणायचे."

देवराम मान खाली घालून उभा राहिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

महेंद्र कल्याणला जाऊन नवी तार घेऊन आला. तिथंच, रस्त्याच्या कडेला, देवरामनं आधी पट्टी आवळली, मग तार बसवली. साकेतला किल्ली फिरवायला लावलं, पाय लांब ठेवून. स्टार्टर हलका फिरला. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला. आवाज चढला, उतरला. पुन्हा. पुन्हा.

मग त्यानं डोळे मिटले आणि हात फिरवला. फिरवून झाला तशी त्यानं पुन्हा सुरुवात केली. मग परत. बॉनेट धरलेला हात खाली येईना. आपल्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला होता, आणि हात सोडून त्याच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

"झालं का?" बाईंनी विचारलं.

"मला सांगता येत नाही बाई. घरी चला. ओतूर पुन्हा कधी."

"पूजा करून निघालेली गाडी मागं वळवायची नसते," साकेत हळूच म्हणाला, आणि आईकडं बघितलं. पण तोही घाबरलेला होता, मागं वळायला आईनं हो म्हणावं अशीच त्याची नजर होती.

बाई घाटाच्या दिशेला बघत होत्या. लांब डोंगर निळे दिसत होते. "मला भीती वाटते, देवराम," त्या म्हणाल्या. "आता या गाडीत बसायचीच भीती वाटते. आज परत गेले तर मी पुन्हा कधी बसणार नाही. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

देवरामनं बॉनेट लावलं. ओल्या फडक्यानं हात पुसले, फडकं महेंद्रकडं दिलं.

"कलावतीला फोन कर," तो म्हणाला. "म्हणावं, उद्या येतो."

"कुठं चाललात दादा?" महेंद्र बघतच राहिला. "तुम्ही? गाडीत? कोपऱ्यापलीकडं?"

देवराम पुढचं दार उघडून साकेतच्या शेजारी बसला. बाईंना त्यानं मागं बसवलं.

"आमच्याकडं रिवाज होता बाई," तो समोर बघत म्हणाला. "माझ्या बापाचा. मी अर्धाच पाळत आलो."

साकेतनं नुसती किल्ली फिरवली. गाडी पुलावर चढली. देवरामनं डावा हात दाराच्या दांडीवर घट्ट धरला आणि उजवा तळहात डॅशबोर्डवर, विझलेल्या उदबत्तीच्या शेजारी, उपडा टेकवला. इंजिनाची थरथर त्या तळहातात येत होती. टोकावड्यापर्यंत त्यानं तो उचलला नाही, आणि पुढं घाट लागला, पहिलं वळण आलं, उजवीकडं जमीन संपली, तेव्हाही नाही.